मोडलेला डाव मांडून देणारे भाऊ

भाऊंनी मला खोली दाखवण्याआधी पट दाखवला.

मी तेव्हा नवीन नर्स होते. चामोर्शीच्या सरकारी दवाखान्यात रुजू व्हायचं होतं. चंद्रपूरहून बसने धक्के खात आले होते, हातात ट्रंक होती आणि मला फक्त एक खोली आणि आंघोळीला पाणी हवं होतं. दवाखान्यातल्या कंपाउंडरने सांगितलेल्या घराच्या छपरीत एक उंच, हडकुळा माणूस लुंगी गुडघ्यापर्यंत खोचून एकटाच बसला होता. समोर सिमेंटच्या जमिनीवर लाल ऑइलपेंटने अष्टाचंगाचा चौकोन कायमचा रंगवलेला.

"खोली आहे का?"

"हाय. बसा."

"बसायला वेळ नाही हो. खोली बघते."

"खोली काई पळून नाई जात. अष्टाचंग येते का?"

येत होतं. कुणाला येत नाही? चार कवड्या टाकायच्या, पडेल ते दान मोजून सोंगटी बाहेरच्या घरांतून फिरवायची आणि आतल्या रांगेतून मधल्या घरात न्यायची. वाटेत दुसऱ्याची सापडली तर मारायची. एक तरी मारल्याशिवाय आत शिरता येत नाही. मी ट्रंक भिंतीला टेकवली आणि चिडूनच खेळायला बसले. त्यांची एक सोंगटी आत शिरायच्या बेतात होती, ती मी मारली. मला लवकर संपवायचं होतं, एवढंच.

भाऊ ताडकन उठून उभे राहिले. "मारली! घरात पाय नाई ठेवला आन घरमालकाचीच मारली!" मग आत तोंड करून ओरडले, "अवं, चहा ठेव. सिस्टर राहून राह्यली आपल्या इथी."

माझ्याआधी एक बँकेतला माणूस खोली बघून गेला होता. त्याला भाऊंनी परत पाठवलं, कारण त्याने मुद्दाम हार पत्करली. "मले कळत नाई का? मारासारखी होती, नाई मारली. असा माणूस तोंडावर गोड बोलन आन मागं जाऊन भिंतीले खिळे ठोकन."

माझ्या तिथल्या सगळ्या वर्षांत मी त्यांच्या भिंतीला एकही खिळा ठोकला नाही. कॅलेंडर खिडकीच्या गजाला बांधून ठेवलं.

भाऊ जंगल खात्याच्या लाकूड डेपोतून रिटायर झाले होते. सोंगट्या त्यांनी स्वतःच सागाच्या तुकड्यांतून कोरलेल्या. कवड्या शर्टाच्या खिशात असत, त्यामुळे भाऊ दिसण्याआधी ऐकू येत. विहारात पौर्णिमेच्या वंदनेला बसतानासुद्धा त्या खिशातच. वाकून नमस्कार करताना एकदा सगळ्या घरंगळल्या आणि भंतेजींच्या चटईखाली गेल्या. भाऊंनी वंदना संपेपर्यंत दम धरला आणि मग भंतेजींना म्हणाले, "उठू नोका. किती उलट्या, किती सुलट्या, पाहू द्या आधी."

आठवडी बाजाराला ते पोत्यावर कोळशाने पट काढून बसत. समोर कोण बसलंय याला महत्त्व नव्हतं. सौद्यातून मोकळा झालेला धानाचा व्यापारी, चारोळी विकून झालेल्या गोंड बायका, सिरोंचाकडून मिरची घेऊन आलेला तेलुगू माणूस, कोणीही. अट एकच: दान मोठ्याने मोजायचं, स्वतःच्या भाषेत. बायका 'उंडी, रंड, मूंड' मोजत, मिरचीवाला 'ओकटी, रेंडू, मूडू'. भाऊंना दोन्ही भाषा तेवढ्याच येत, पण बाजारात त्यांना हाक मारणाऱ्यांत निम्मी माणसं त्या दोन भाषांतली होती. कोणी गुपचूप सोंगटी सरकवली तर ते कवड्या मुठीत धरून बसत. "मुक्यानं खेळाचं असन तं घरी जाऊन झोपा ना. मले काऊन तरास?"

आणखी एक नियम होता. तो त्यांनी कुठून आणला माहीत नाही, पण त्या आळीत सगळे तो पाळत. ज्याने डाव मोडला त्याने तो होता तसा पुन्हा मांडून द्यायचा. शेळी पटावरून गेली तर शेळीच्या मालकाला बोलावलं जाई. माफी चालत नसे. मांडता आलं नाही तर जुळेपर्यंत बसायचं, बाकीचे सांगतील, भांडतील, पण मांडायचं त्यानेच.

एकदा घरी पाहुणे जेवायचे थांबले होते आणि भाऊ उठायला तयार नव्हते. त्यांची बायको, माझी घरमालकीण, तिला मी मावशी म्हणायचे, खराटा घेऊन बाहेर आली आणि पटावरून सरळ फिरवला. सोंगट्या अंगणात. भाऊ चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, "मांड."

मावशीने खराटा काखेत धरला आणि एकेक सोंगटी वेचून जागच्या जागी ठेवली. चारही जणांच्या. शेवटची ठेवताना म्हणाली, "ही तुही. पुढच्या दानाले मरतच होती. घे, आता जेव." ती कधी खेळायला बसलेली मी पाहिली नव्हती. स्वयंपाकघराच्या दारातून ती काय काय बघत होती, ते त्या दिवशी कळलं.

त्यांना एकच मुलगा. आयटीआय करून तो गडचिरोलीला रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचा, आणि दर रविवारी घरी यायचा. एका रविवारी त्याने सांगितलं, की बसस्टँडमागे गाळा घेतला आहे आणि त्यात व्हिडिओ गेम लावले आहेत. गेम म्हणजे खेळ, एवढं भाऊंना पुरलं. ते बाजारभर सांगत फिरले, "माह्या पोट्टा बी आपल्याच लाइनीत आला." आणि मला म्हणाले, जिल्ह्याला मिटिंग असेल त्या दिवशी सोबत न्या. इस्त्रीचा शर्ट घातला, कवड्या खिशात घातल्या.

गाळा पत्र्याचा होता, आत अंधार आणि भिंतीला टीव्हींची रांग. प्रत्येक टीव्हीसमोर स्टुलावर कोणीतरी, हातात रिमोट. मुलगा मागच्या खोलीत एका टीव्हीच्या तारा डागत बसला होता. आम्ही आलो ते त्याला कळलं नाही. इतर कोणालाही कळलं नाही. भाऊ खिशाला हात लावून कवड्या वाजवत थोडा वेळ उभे राहिले. मग सर्वात जवळच्या माणसाच्या मागे गेले. तो खाकी कपड्यातला बसचा कंडक्टर होता, तिकिटांची बॅग मांडीवर घेऊन खेळत होता. पडद्यावर एक चिमुकला बंदूकवाला नाले-खड्डे उड्या मारून पार करत होता.

"कोनासंग खेळून राह्यले?" भाऊंनी विचारलं.

"कोनासंगच नाई."

"मंग समोर थो कोन हाय?"

"राक्षस."

"मारला तं चिडते का थो?"

"बाबाजी, सरका ना बाजूले. शेवटचा स्टेज हाय. आजपर्यंत इथी पोचलो नोयतो."

"आन हरले तं?"

"हरलो तं पुन्हा पहिल्यापासून चालू."

एवढ्या बोलण्यात कंडक्टरने मान वळवली नाही. भाऊंनी रांगेवरून नजर फिरवली. "सिस्टर," ते म्हणाले, "कोनाचं तोंडच दिसून नाई राह्यलं." आणि मला काही कळायच्या आत भिंतीवरचा मोठा खटका हात लांब करून खाली ओढला.

सगळे टीव्ही विझले. आता मात्र सगळ्यांची तोंडं दिसली.

"मेलो ना बाप्पा!" कंडक्टर किंचाळला. एकच गलका झाला. मुलगा हातातली डागणी घेऊनच बाहेर आला, खटक्यावरचा बापाचा हात त्याने पाहिला.

"बाबा, बाहीर हो."

"अरे, एकदा वळून पाहावं म्हून…"

"बाहीर हो म्हनतो न. एवढ्या लोकाइचा डाव मोडला तुनं. दुसऱ्यानं मोडला असता तं सोडलं असतं का तू?"

परतीच्या बसमध्ये भाऊ खिशावर हात दाबून बसले होते, कवड्यांचा आवाज होऊ नये म्हणून.

त्या रविवारी मुलगा आला नाही. पुढच्याही नाही. मावशी रविवारी भात जास्तीचा टाकायची आणि संध्याकाळी शेजारच्या म्हशीला घालायची. महिने गेले तशी ती वाळत चालली. औषधाने सुधारेल असं तिला काही झालेलं नव्हतं, हे मला नर्स म्हणून दिसत होतं. एकुलता एक मुलगा तासाभराच्या वाटेवर होता आणि घरी येत नव्हता. ती एकदा मला म्हणाली, "थो बी खेळवेडा, हा बी खेळवेडा. मी कोनापाशी जाऊ?"

मला हे ताणणं आवडत नाही. मी भाऊंचं बीपी तपासताना सरळ सांगितलं, "माफी मागा आणि मोकळे व्हा."

"माफीनं डाव वापस येते का? मांडून द्या लागते."

"त्या गेमच्या डब्यात मांडता येत नाही, भाऊ. बंद केला की गेला. पुन्हा पहिल्यापासून खेळत यावं लागतं."

मी दंडावरचा पट्टा सोडायच्या आत ते माझ्याकडे वळले. "पहिल्यापासून खेळत आलं तं येते का तिथवर?"

"येत असेल," मी म्हटलं, विषय संपवायला.

विषय संपला नाही. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी साठी उलटलेला हा माणूस गडचिरोलीच्या बसमध्ये बसला, मुलाच्या गाळ्यात गेला, पोरांच्या मागे नंबर लावला आणि कंडक्टरचा डाव मांडून द्यायला रिमोट हातात घेतला. मग दर आठवड्याला. बस बहुधा त्याच कंडक्टरची असायची, आणि तो काही कमी नव्हता. सगळ्या बसला ऐकू जाईल असं विचारायचा, "काय भाऊ, आज माह्या राक्षसापर्यंत पोचता का?"

"टिकीट दे तू."

"पोचले तं आवाज द्या. तिथी मी एकटाच होतो बिचारा."

भाऊंचा बंदूकवाला पहिल्या नाल्यातच पडायचा. कित्येक आठवडे त्यांना पहिला नाला ओलांडता आला नाही. रिमोट ते तापलेलं भगोनं धरल्यासारखा धरायचे, आणि उडी मारायची वेळ आली की स्वतःच स्टुलावरून उठायचे. संध्याकाळी माझ्या पायरीवर बसून हकिकत सांगायचे. "तीन जान देते, सिस्टर. तीन! मी म्हनलं, बाप्पा, आपल्याले एकच भेटली, तरी बरे टिकलो." सवयीप्रमाणे ते पडद्यापुढेही मोठ्याने मोजायचे. उंडी म्हणत पहिली उडी, रंड म्हणत दुसरी. आधी पोरं हसली. मग त्यांच्यासोबत मोजायला लागली. नाल्यात पडले की सगळा गाळा "अर्रर्र" करायचा.

मुलाने त्यांना ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. बाकीच्या गिऱ्हाइकांसारखा नंबर लावू दिला. मावशी दर वेळी विचारायची.

"बोलला का?"

"नाई."

"तुह्याकडं पाहे का?"

"टीव्हीकडं पाहे."

"म्हंजे जवळ होता?"

"होता, मागं उभा."

मग ती ताट वाढायची.

त्यात लोडशेडिंग. भाऊ कसेबसे दुसऱ्या-तिसऱ्या स्टेजला पोचले की लाइट जायची. "आता याले कोन मांडाले लावते?" ते विचारायचे. पोरांमध्ये ते लाडके झाले होते, पण ज्याच्यासाठी गेले होते तो अजून बोलत नव्हता.

एकदा मी त्या गाळ्यात बीपीच्या गोळ्या द्यायला गेले होते. भाऊ खेळत होते. मुलाने मला मागच्या खोलीत चहा दिला आणि न विचारताच बोलायला लागला. "सिस्टर, बाबाच्या खेळाले चार मानसं लागतात. चारही रिकामी पायजेत, आन चारही एकमेकासंग बोलनारी पायजेत. इथी येनाऱ्याले कोनी नाई लागत. नापास झालेला येते, घरून भांडून आलेला येते. त्याले कोनाच्या तोंडाकडं पाहाचं नसते काई वेळ. त्याले कुठी जागा हाय बाबाच्या पटावर?"

हे मला पटलं. भाऊंचंही मला पटायचं. मी दवाखान्यात काम करणारी बाई, दोन्ही खेळांत वेळ जातो एवढं मला स्पष्ट दिसत होतं. पण पटावर बसलेला माणूस उठला की त्याचं काय बिनसलंय ते शेजाऱ्याला कळायचं, आणि गाळ्यातल्या माणसाला ते कोणाला न कळू देता थोडं हलकं होता यायचं. हल्ली लोक फोनवर खेळतात, दवाखान्याच्या बाकावर नंबर येईपर्यंत. त्यांना ना पट आठवतो ना गाळा. मला दोन्ही आठवतात, आणि दोन्हींतली गर्दी आठवते.

पावसाळ्याच्या तोंडावर भाऊंचं बीपी वाढलं. जाऊ नका म्हटलं तर ऐकेनात. मावशी म्हणाली, "तुही सुट्टी हाय न? जाय न बाई याच्यासंग. पडून-गिडून जाईन थो." म्हणून मी त्या दिवशी हजर होते.

त्या दिवशी लाइट गेली नाही. भाऊ एकेक स्टेज पार करत गेले, शर्ट पाठीला चिकटलेला, पोरं मागे दाटलेली. एका तुटक्या पुलापाशी मात्र ते अडले. पुलाच्या फळ्या वर-खाली व्हायच्या. पहिली जान तिथे गेली. दुसरी गेली. शेवटच्या जानेला भाऊ फळीसमोर थांबले आणि त्यांना बटण दाबवेना. पोरं मोजायची थांबली.

"उडी मार," मागून आवाज आला.

भाऊंनी मान वळवली नाही.

"आत्ता नाई… आत्ता नाई… थांब ना, बाबा! हां, आत्ता मार!"

बंदूकवाला पलीकडे पोचला. मुलाने एका पोराला स्टुलावरून उठवलं आणि बापाच्या शेजारी बसला. "उजवीकडं. गोळी मार. वाकव त्याले, वाकव. कसा धरून राह्यला रिमोट, आँ?"

"तू शिकवलं का कधी?"

"इचारलं का तुनं?"

"मागं उभा राहून पाहे नुसता. उडी?"

"उडी!"

दोघांच्या मांड्या एकमेकांना लागल्या होत्या आणि दोघांच्या नजरा टीव्हीवर होत्या. मी बाजूला उभी राहून ते बघत होते. पटावर हे दोघे समोरासमोर बसले असते, आणि इतक्या महिन्यांनंतर एकाचीही नजर वर उठली नसती. इथे नजर उठवायची गरजच नव्हती.

शेवटचा स्टेज आला. राक्षस दिसताच भाऊंनी खेळ थांबवण्याचं बटण मुलाला विचारून दाबलं आणि एका पोराला कंडक्टरला बोलवायला बसस्टँडवर पिटाळलं. कंडक्टर बॅग सावरत धावत आला. बाहेर त्याच्या बसचा ड्रायव्हर हॉर्न देत होता.

भाऊ उठले. रिमोट दोन्ही हातांनी पुढे केला. "घ्या. इथीच होते तुमी."

कंडक्टरने एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा भाऊंकडे. तो स्टुलावर बसला, बटण दाबलं, दोन पावलं पुढे गेला आणि राक्षसाने त्याला गिळला. लगेच.

गाळ्यात एकदम हशा पिकला. कंडक्टरही हसत उठला. "चालते भाऊ. तवा तुमच्या हातानं मेलो होतो. आता माह्या हातानं मेलो." आणि बसकडे पळाला.

पोरं पांगली. बाप आणि मुलगा टीव्हीसमोरच उभे होते. पडद्यावर खेळ पहिल्यापासून सुरू व्हायची वाट पाहत होता.

"जेवून आला का?" मुलाने पडद्याकडे बघतच विचारलं.

"नाई."

"मंग थांब. मी बी येतो."

त्याने खटका खाली ओढला आणि शटर लावलं. बस अजून सुटली नव्हती, आम्ही तिच्यातच चढलो. घरी पोचलो तेव्हा मावशी तांदूळ निवडत होती. तिने वर पाहिलं, सूप तसंच हातात ठेवून आत गेली आणि आणखी तांदूळ घेऊन आली. "पाय धुवा," एवढंच म्हणाली. त्या संध्याकाळी म्हशीला काही मिळालं नाही.

रविवार पुन्हा सुरू झाले. मुलगा येताना गेमचा एक डबा घेऊन यायचा, घरच्या टीव्हीला लावायचा. आधी तो एक डाव, मग छपरीत पटावर एक डाव, असं ठरलं होतं. भाऊ दोन्हींत हरायचे आणि दोन्हींत भांडायचे.

रात्रपाळी करून मी रविवारी दुपारी झोपायला आले की भिंतीपलीकडून सुरू व्हायचं. "तुह्या खेळात दान पडाची वाट पाहा लागते, बाबा. मानसानं काय केलं त्यात?" "आन तुह्या डब्यात राक्षस कुठी उभा राहीन, थे बी कोनी पहिलेच ठरवून ठेवलं. तिथी मानसानं काय केलं बे?" हे तासन्‌तास. एका रविवारी डोकं ठणकायला लागलं, तेव्हा मी उठले, दार उघडलं, ओरडायला तोंडही उघडलं.

मावशी छपरीच्या उंबरठ्यावर बसली होती, भाजी निवडत. तिने माझ्याकडे पाहिलं, भाजी खाली ठेवली आणि माझा दंड धरून मला आपल्या खोलीत नेलं. स्वतःची चटई टाकली, उशी दिली, खिडकी लावून घेतली.

"इथी झोप, बाई," ती म्हणाली. "इकडं आवाज कमी येते. त्याइले बोलू दे."